क्रुगरच्या रानात तीन रात्री



या व्यासपीठावर आम्ही यापूर्वी दोन वेळा उभे राहिलो, ते किमान वेतनाचा कायदा आणि कंत्राटी कामगारांचे प्रश्न या विषयांवर बोलण्यासाठी. यंदा मंडळाचे चिटणीस घरी आले आणि म्हणाले, "तुम्ही आफ्रिकेत जाऊन रानातली जनावरे पाहून आलात असे ऐकतो. लोकांना त्याबद्दल सांगा. वेतनाचे पुढच्या वसंतात पाहू." त्यांचा शब्द आम्हांला मोडवला नाही. मात्र सिंहाच्या बाबतीत तुमची थोडी निराशा होणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे शेवटी कोणी भांडायला यायला नको.

आम्ही काही हौशी प्रवासी नव्हे. वडील मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि वर्षभरात आमचे बिऱ्हाड उठले. चौदाव्या वर्षी आम्ही एका उपाहारगृहात कपबशा विसळायला लागलो. शाळा तिथेच संपली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते रात्री, शब्दकोश शेजारी ठेवून कामगार कायद्याची पुस्तके वाचताना झाले. गेली तीस वर्षे हॉटेले आणि खानावळी यांतल्या कामगारांची संघटना बांधण्याचे काम करतो आहोत, आणि त्यापायी एक खोड जडली आहे. कुठल्याही हॉटेलात शिरलो की आमची नजर आधी मागच्या दाराकडे जाते. भांडी कुठे घासतात, पोरे निजतात कुठे, हे पाहिल्यावाचून आम्हांला चहा गोड लागत नाही. अरण्यात गेलो तेव्हाही ही खोड आमच्याबरोबर आली.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात जोहान्सबर्गला निरनिराळ्या देशांतल्या हॉटेल कामगारांच्या संघटनांची एक बैठक होती. ती आटोपल्यावर तिथल्या एका कार्यकर्त्याने आम्हांला तीन दिवस क्रुगर राष्ट्रीय उद्यान दाखवायचे ठरवले. हा गृहस्थ मूळचा सोन्याच्या खाणीतला कामगार. १९८७ साली तिकडे खाणकामगारांचा मोठा संप झाला, तीन लाखांवर माणसे तीन आठवडे बाहेर होती, आणि सुमारे पन्नास हजारांना कामावरून काढण्यात आले. त्या पन्नास हजारांतला हा एक. संपात घर उठलेला तो आणि संपातच घर उठलेले आम्ही, तेव्हा बोलायला विषय शोधावा लागला नाही. जाताना पाचशे किलोमीटर तो एकटा मोटार चालवत होता आणि सारी वाट आम्हांला 'कॉम्रेड' म्हणत होता.

क्रुगर म्हणजे केवढे रान, त्याची कल्पना यावी म्हणून सांगतो. सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर. आपले रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे तीन जिल्हे एकत्र केले तर जवळजवळ तेवढे होतात. आम्ही फलाबोर्वा नावाच्या गावातून आत शिरलो. हे गाव खाणीचे. तिथे तांब्याची एक उघडी खाण आहे, म्हणजे जमिनीत खणलेला जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा. आणि त्याच गावाला लागून उद्यानाचा दरवाजा. एका बाजूला जमीन तळापर्यंत खणून काढलेली आणि दुसऱ्या बाजूला काडी मोडायला बंदी. यजमान म्हणाले, "आमचा देश असाच आहे."

दरवाज्यावर नियमांचा कागद हाती मिळतो. डांबरी रस्त्यावर ताशी पन्नास किलोमीटर, कच्च्यावर चाळीस. मोटारीतून खाली उतरायचे नाही. ऑगस्टात संध्याकाळी सहाच्या आत छावणीत पोचायचे. उशीर झाल्यास दंड. हे वाचून आम्हांला कारखान्याच्या फाटकाची आठवण झाली.

आता जनावरे. पहिला तासभर आम्हांला काहीच दिसले नाही, म्हणजे आम्ही पाहत होतो ते सिंह, आणि समोर होते ते इंपाला. इंपाला हे तांबूस रंगाचे, सडपातळ पायांचे हरीण. तिथे ते इतके आहे की, दुसऱ्या दिवशी प्रवासी त्याच्याकडे मान वळवून बघतही नाहीत. आमचेही तेच झाले असते. पण यजमानांनी गाडी थांबवली, यंत्र बंद केले आणि दहा मिनिटे नुसते पाहायला लावले. तेव्हा कळले की कळपातले एक तरी डोके नेहमी वर असते. एक चरते, एक राखते. मग राखणारे चरू लागते आणि दुसरे डोके वर येते. कोणी हुकूम देत नाही. आमच्या संघटनेत पाळ्या लावायला आम्हांला तीन सभा घ्याव्या लागतात!

त्या भागातले झाड म्हणजे मोपाने. पान दोन पाकळ्यांचे, आपल्या आपट्यासारखे. थंडीत ते तांबूस होते, आणि त्या रंगात हत्ती दिसेनासा होतो. हत्तीएवढे जनावर दिसेनासे होते, यावर इथे बसून विश्वास बसायचा नाही. वीस पावलांवर झाडी आहे असे आपण समजत असतो आणि त्या झाडीला कान फुटतात. ऑलिफंट्स नदीच्या पात्रात मात्र आम्ही एकदम चाळीसएक हत्ती पाहिले. पिल्ले मध्ये, माद्या भोवती, आणि नर दूर, बिनकामाचा उभा. लेटाबा छावणीत तिथल्या नामांकित हत्तींचे सुळे मांडून ठेवले आहेत. शॉवू नावाच्या हत्तीचा सुळा तीन मीटरांहून लांब आहे. आम्ही त्याच्या शेजारी उभे राहिलो तर आमचे डोके पुष्कळच खाली राहिले.

चित्ता आम्हांला दिसला नाही. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते विमानाने मध्य प्रदेशातल्या कुनोला आले, हे तुम्ही वाचले असेल. कुनोच्या रानातली चोवीस गावे त्याच्या कितीतरी आधी उठवली होती, आणि तीही चित्त्यांसाठी नव्हे, गीरच्या सिंहांसाठी. ते सिंह अद्याप आलेले नाहीत. असो.

मुक्काम बलुले नावाच्या लहानशा छावणीत होता. क्रुगरमध्ये मोठमोठ्या छावण्या आहेत, तिथे दुकान, उपाहारगृह, सारे काही आहे. बलुलेत सहा गोल झोपड्या आणि थोडी तंबूची जागा, बस्स. वीज नाही. संध्याकाळी प्रत्येक दारात कंदील लावून ठेवतात. झोपडीला खिडकी नाही, भिंतीच्या वरच्या अंगाला वाऱ्यासाठी झरोके तेवढे आहेत. आम्हांला वाटले, जनावरांच्या भीतीने खिडक्या ठेवल्या नसतील. यजमान हसले. म्हणाले, "वर्णभेदाच्या काळात काळ्या प्रवाशांसाठी राखलेली छावणी ही. त्यांना खिडकी कशाला?" आणि थोड्या वेळाने, "कॉम्रेड, तुम्ही त्या काळी आला असता तर तुमचीही सोय इथेच झाली असती." आता गोरे प्रवासीही हौसेने बलुलेत उतरतात, विजेवाचूनच्या रात्री त्यांना आवडतात. आमच्या शेजारच्या झोपडीत दर्बानचे एक हिंदी कुटुंब होते. त्यांचे पूर्वज ऊसमळ्यावर करारबद्ध मजूर म्हणून तिकडे गेलेले.

छावणीची देखभाल करणारा साठीला आलेला एक माणूस होता. अंगण झाडणे, कंदील पुसून लावणे, चुलीला लाकूड देणे ही कामे त्याची. यजमान त्याला 'तताना' म्हणत. त्सोंगा भाषेत हा शब्द बापाला आणि वडीलधाऱ्या पुरुषाला लावतात, आपण 'बाबा' म्हणतो तसा. आम्हीही तताना म्हणू लागलो. पहाटे उठून तो अंगण असे झाडी की, झाडूच्या रेघा वाळूवर एकसारख्या उमटत. आम्ही कौतुक केले, तर म्हणाला, "रेघा शोभेसाठी नाहीत. रात्री कोण येऊन गेले ते सकाळी कळावे म्हणून."

झाडण्यावरून निघालेली दुसरी गोष्ट यजमानांनी सांगितली. उद्यानातली सर्वांत मोठी छावणी स्कुकुझा. हे नाव आहे एका ब्रिटिश अधिकाऱ्याचे. म्हणजे लोकांनी त्याला दिलेले. जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन १९०२ साली या रानाचा पहिला रक्षक म्हणून आला. साबी आणि क्रोकोडाइल नद्यांच्या मधली माणसे त्याने हलवली, शिकार बंद केली. तेव्हा लोक त्याला स्कुकुझा म्हणू लागले. म्हणजे झाडून साफ करणारा. १९२६ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९२७ साली प्रवाशांच्या पहिल्या तीन मोटारी आत आल्या, आणि पुढे छावणीला त्याचेच नाव दिले. त्या माणसाने जनावरे वाचवली हे खरे आहे. तो नसता तर आज आम्ही काय पाहिले असते कोण जाणे. पण १९९४ साली लोकराज्य आल्यावर गेलेल्या जमिनी परत मागण्याचा कायदा झाला, त्यात मर्यादा घातली १९ जून १९१३ ही. त्यानंतर ज्याची जमीन गेली तो मागू शकतो. १९०२–०३ मध्ये झाडले गेलेले त्या तारखेच्या अलीकडे पडतात. तारखेने माणूस आत की बाहेर हे ठरते, ही गोष्ट आमच्या धंद्यात रोजची आहे.

उत्तरेकडच्या मकुलेके लोकांचे तसे झाले नाही. लिंपोपो आणि लुव्हुव्हू या नद्यांच्या मधली त्यांची जमीन १९६९ साली उद्यानात घातली, आणि जाताना त्यांना स्वतःच्या झोपड्या स्वतःच्या हातांनी जाळायला लावल्या. त्यांनी दावा केला आणि १९९८ साली सुमारे चोवीस हजार हेक्टर जमीन परत मिळवली. आता ऐका गंमत. जमीन हाती आल्यावर त्यांनी तिथे नांगर घातला नाही. रान रानच ठेवले, ते उद्यानाच्या कारभारात राहू दिले, आणि प्रवाशांसाठी छावण्या बांधणाऱ्यांना भाडेपट्ट्याने जागा देऊन नोकऱ्यांत आपल्या माणसांचा हक्क ठेवला. रान राखायचे तर माणूस हाकलावाच लागतो, असे आपल्याकडेही ताडोबा-मेळघाटाबद्दल शहाणी माणसे बोलतात. त्यांना आम्ही ही हकीकत सांगतो. मकुलेकेच्या छावण्यांतल्या सगळ्या कामगारांना नीट पगार मिळतो की नाही, हे मात्र विचारायला आम्ही तिथवर जाऊ शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात उघडी मोटार न्यायला आली. दोन बंदूकधारी वाटाडे, आणि जास्तीत जास्त आठ माणसे, अशी पायी फेरी निघते. दात वाजत होते. आफ्रिकेत थंडी असते, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते! उजाडल्यावर उतरलो आणि एका रांगेत चालू लागलो. बोलायचे नाही. पुढच्याने हात वर केला की थांबायचे. काही झाले तरी पळायचे नाही.

हा पुढचा वाटाड्या म्हणजे जाणता माणूस. मोटारीतून आम्ही जनावरे पाहत होतो. त्याने आम्हांला जमीन वाचायला लावली. हत्तीच्या पुढच्या पायाचा ठसा दाखवला, दोरीने घेर मोजला आणि म्हणाला, याची दुप्पट केली की खांद्यापर्यंतची उंची आली. ठशात बारीक भेगांची जाळी होती. ती प्रत्येक हत्तीची वेगळी. आमच्या संघटनेच्या जुन्या वह्यांत सह्यांच्या जागी अंगठे आहेत, ते आम्हांला आठवले. तरसाची विष्ठा पांढरी असते, कारण ते हाडे खाऊन पचवते. हत्तीच्या शेणात काड्या तशाच असतात, कारण त्याला निम्मेही पचत नाही. पण त्या शेणावर किडे, पाखरे, वानरे अशी किती तोंडे पोसली जातात ते त्याने काडीने उकरून दाखवले. गेंडा कुठे आहे असे आमच्यातल्या एकाने विचारले, तेव्हा तो ऐकू न आल्यासारखा पुढे गेला. नंतर कळले की छावण्यांत कुठे काय दिसले ते दाखवणारे फलक असतात, त्यांवर गेंड्याची खूण कोणी लावत नाही. शिंगासाठी दक्षिण आफ्रिकेत २०१४ या एका वर्षात बाराशेहून अधिक गेंडे मारले गेले. ठावठिकाणा सांगणे म्हणजे मारेकऱ्याला वाट दाखवणे.

एका ओढ्याशी त्याने हात वर केला. पलीकडे रानरेडे होते, साठसत्तर तरी, आणि एकूणएक आमच्याकडे पाहत होते. वारा आमच्याकडून त्यांच्याकडे फिरला होता. त्या पाहण्यात राग नव्हता. सावकार कूळाकडे पाहतो तसे ते पाहणे होते. मागच्या वाटाड्याने बंदूक खांद्यावरून हातात घेतली. पुढचा तसाच, पाठ न दाखवता, एक एक पाऊल मागे येऊ लागला आणि आम्ही सारे त्याच्याबरोबर मागे सरलो. पन्नास पावले गेल्यावर आमच्या लक्षात आले की आपण श्वास घेतलेला नाही.

परतताना आम्ही त्याला पगार विचारला. तो म्हणाला, "जनावरांविषयी विचारा." मग थोडे चालून त्याने आपण होऊन आकडा सांगितला. तो आकडा आम्ही इथे सांगणार नाही, कारण त्याने तो आम्हांला सांगितला, सभेला नव्हे.

शेवटच्या रात्री यजमान बाहेर मांस भाजत होते. त्या वासाने तरस कुंपणाबाहेर येऊन येरझारा घालू लागला. त्याचे डोळे कंदिलाच्या उजेडात दोन ठिणग्यांसारखे सरकत होते. त्याची हाक खालच्या सुरात सुरू होते आणि वर चढून तुटते. नदीकडून पाणघोड्यांचे घुरघुरणे येत होते. अशा वेळी तताना आला आणि जरा लांबच उभा राहिला. त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद होते. तुम्ही दोघे युनियनची माणसे आहात ना, असे विचारून त्याने ते पुढे केले.

त्याचा बाप सोन्याच्या खाणीत होता. एके काळी मोझांबिककडची माणसे खाणीत कामाला जाण्यासाठी हेच रान पायी तुडवीत जात. उत्तर टोकाला पफुरी येथे खाणमालकांचे भरतीचे ठाणेच होते. त्याचा बापही याच वाटेने गेला आणि छातीचा रोग घेऊन घरी आला. आता नेमके असे झाले होते की, आदल्याच महिन्यात, जुलै २०१९ मध्ये, जोहान्सबर्गच्या न्यायालयाने खाणकामगारांच्या फुप्फुसरोगाच्या दाव्यात पाच अब्ज रँडची तडजोड मंजूर केली होती. १९६५ च्या मार्चपासून खाणीत काम केलेल्यांना, आणि ते हयात नसतील तर वारसांना, भरपाई मिळणार होती. पण क्षयाच्या बाबतीत अट अशी की, तो कामावर असताना किंवा काम सोडल्यापासून वर्षभरात झालेला असावा.

मिशनच्या दवाखान्याचा कागद होता. त्यावर क्षयाने मृत्यू, मार्च १९७९. खाणीतून सुटल्याचा दाखलाही होता, महिना जून, पण वर्षाच्या शिक्क्यावर घडी पडलेली, आणि शेवटचा इंग्रजी आकडा तीन आहे की आठ, ते समजत नव्हते. १९७३ असेल तर काही नाही. १९७८ असेल तर नऊ महिने, म्हणजे हक्क आहे.

इथे आम्हांला आमच्या घरची गोष्ट सांगावी लागते. गिरणी कामगारांना घरे देण्याची योजना आली, तिला पुरावा लागतो तो १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर हजेरीपटावर असल्याचा. वडिलांचे कार्ड आमच्या हलवाहलवीत हरवले. दुसऱ्यांची अशी शेकडो कागदपत्रे आम्ही शोधून दिली आहेत. बापाचे सापडले नाही. तेव्हा ती पिशवी उघडल्यावर तरसाकडे आमचे लक्ष राहिले नाही.

कंदील जवळ ओढला. एकेक कपटा उलगडून मेजावर मांडला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर खडे ठेवले. चर्चच्या वर्गणीच्या पावत्या, कसलीशी औषधाची चिठ्ठी, एक फोटो. यजमान वाचत होते, आम्ही तारखा एका कागदावर लिहीत होतो. मध्येच नदीच्या अंगाला सिंह गरजला. आवाज असा की, मेजावरची फळी थरथरली असे वाटले. शेजारच्या कुटुंबाची पोरे विजेरी घेऊन कुंपणाकडे धावली आणि आम्हांला हाका मारू लागली, "अंकल, लवकर या!" त्याच वेळी यजमानांना एक घडी केलेली चिठ्ठी मिळाली. राखून ठेवलेल्या पगारातली काही रक्कम दिल्याची. खाण तीच, कामगाराचा क्रमांक तोच, आणि तारीख १९७७ ची, ठळक.

१९७७ मध्ये जो कामावर होता तो १९७३ मध्ये सुटलेला नसणार. तो आकडा आठच होता. आम्ही तताना यांना ते तीन वेळा सांगितले, तेव्हा ते खाली बसले. मग आम्ही अर्जासाठी हकीकत लिहायला घेतली. यजमान त्सोंगात विचारीत, इंग्रजीत लिहीत, आम्ही क्रम लावीत होतो. संपले तेव्हा दोन वाजून गेले होते. पुढे २०२० साली भरपाई वाटण्यासाठी विश्वस्त मंडळ नेमले गेले, त्याच्याकडे अर्ज दाखल झाल्याचे पत्र यजमानांकडून आले. पैसे हाती पडल्याचे पत्र अजून यायचे आहे. आम्ही दर सहा महिन्यांनी विचारतो.

सकाळी सामान बांधून निघालो, तर दर्बानचे कुटुंब फाटकापाशी उभे होते. रात्रीचा सिंह त्या सर्वांनी पाहिला होता, कुंपणापासून दहा पावलांवर. त्यांच्या धाकट्या मुलीने आम्हांला तो चालून दाखवला. वाळूत त्याचे ठसे होते, एकेक आमच्या तळहाताहून मोठा, नखांची खूण नाही. तताना झाडू घेऊन फाटकासमोरची वाळू साफ करीत होता. आम्हांला पाहून थांबला, नर आहे असे हाताने दाखवले, आणि ते ठसे तेवढे सोडून भोवतालची जागा झाडत राहिला.